मागणी ते चाचणी: ॲक्सेसचा डेटाबेस डोअरस्टॉपला जोडतानाच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

कामाला सुरुवात झाली. समुद्रपूर तालुक्यातली आमची शेतकरी उत्पादक कंपनी कापूस आणि सोयाबीन खरेदी करते. काटापावती, ओलावा, कपात, चुकारा हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर यंदा नव्याने लिहून घेतलं जातंय. शेतकऱ्यांनी आमसभेत, काट्यावर, फोनवर जे जे मागितलं ते व्यवस्थापक भाऊंनी २०१३ पासून ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रामच्या एका फाइलीत टिपून ठेवलं आहे. कोणी मागितलं, कोणत्या गावचं, कधी, आणि म्हणणं काय, सगळं त्यात आहे. माझ्या मते गोदाम आणि काट्याइतकीच ही फाइलसुद्धा कंपनीची मालमत्ता आहे.

पण ती फाइल आणि तयार होणारं सॉफ्टवेअर एकमेकांना ओळखत नाहीत. मागण्या इथे, चाचण्यांची यादी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या नागपूरच्या टीमकडे आणि मधलं सगळं फोनवर. "माह्या म्हणण्याचं काय झालं जी?" असं कोणी विचारलं तर पुराव्यासकट उत्तर देता येत नाही. ऑर्लेना गोटेल आणि अँथनी फिंकेलस्टाइन यांनी १९९४ मध्ये ट्रेसेबिलिटीची जी व्याख्या मांडली तिचा गाभा हाच आहे: एखाद्या गरजेचा प्रवास पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दिशांनी सांगता आला पाहिजे. मागणीकडून चाचणीकडे जाता यावं, आणि कोणतीही चाचणी हातात घेतली की ती कोणाच्या सांगण्यावरून आहे हे कळावं.

मागण्या आणि चाचण्या एकमेकांना जोडायचं साधन म्हणून डोअरस्टॉप निवडलं. ते मोफत आहे, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे आणि प्रत्येक गरज वेगळ्या याम्ल फाइलीत (साध्या मजकुराची फाइल), गिटच्या रिपॉझिटरीत, म्हणजे बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात ठेवतं. सर्व्हर लागत नाही. इथे लाइन कधी जाईल आणि नेट कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा हा मुद्दा माझ्यासाठी निर्णायक होता.

थर तीन ठेवले. वर मागणी, म्हणजे शेतकऱ्याचं बोलणं जसंच्या तसं. खाली नियम, म्हणजे सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं. त्याखाली चाचणी. वरच्या थरातलं बोलणं कोणी 'सुधारून' लिहायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून घेतलं. "वल्ला म्हणून कापता, पण किती कापलं ते पावतीवर दिसत नाई. मले समजलं पायजे." ही मागणी-४१ आहे. तिचा शुद्ध भाषेतला नियम खाली लिहू, वर हेच राहील.

१२ जून

ॲक्सेसची फाइल वाचायला पायथनमधून ओडीबीसी (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारी सोय) वापरतोय. पहिलाच निरोप आला: डेटा सोर्सचं नाव सापडत नाही आणि डिफॉल्ट ड्रायव्हरही दिलेला नाही. फाइल जागेवर, पत्ता बरोबर, ड्रायव्हर बसवलेला. कारण वेगळंच आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ॲक्सेस २०१० आहे, ३२ बिटचं. त्याच्याबरोबर आलेला ड्रायव्हरही ३२ बिटचा. माझं पायथन ६४ बिटचं. दोघांचे बिट जुळले नाहीत की ६४ बिटच्या पायथनला तो ड्रायव्हर दिसतच नाही.

ज्यांना हे पुढे करायचंय त्यांच्यासाठी नीट लिहून ठेवतो. विंडोजमध्ये ओडीबीसीची सेटिंग दाखवणारे दोन वेगळे प्रोग्राम असतात आणि दोघांच्या फाइलीचं नाव एकच आहे. सिस्टिम-३२ फोल्डरमधला ६४ बिटचा, आणि सिस-वॉव-६४ फोल्डरमधला ३२ बिटचा. नावं उलटी वाटतात, पण आहे असंच. चुकीचा उघडला तर ड्रायव्हर यादीत दिसत नाही आणि माणूस तो पुन्हा पुन्हा बसवत राहतो.

ॲक्सेसला हात न लावता शेजारी ३२ बिटचं पायथन बसवलं. कनेक्शन लगेच मिळालं. फाइल फक्त वाचण्यापुरती उघडतोय.

१६ जून

जुना मजकूर कृतिदेवमध्ये आहे. स्क्रीनवर 'कापूस' दिसतं, पण डेटाबेसमध्ये साठलेत डी, के, आय, डब्ल्यू, एल. कृतिदेव हा युनिकोड फॉन्ट नाही. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवायचा, एवढंच तो करतो. फॉन्ट काढला की मजकूर वाचता येत नाही, शोधता तर मुळीच येत नाही.

कोणत्या नोंदी कृतिदेवमधल्या हे ॲक्सेस सांगत नाही, कारण साध्या मजकुराच्या रकान्यात फॉन्टचं नाव साठत नाही. काही नोंदी खरोखरच इंग्रजीत आहेत, त्यांना धक्का लागता कामा नये. एक खूण उपयोगी पडली: कृतिदेवमध्ये काना 'के' या अक्षरावर असतो, आणि मराठी वाक्यात काना ठायी ठायी येतो. इंग्रजी मजकुरात 'के' कमीच. 'के'चं प्रमाण पाहून नोंदी वेगळ्या काढल्या.

रूपांतरात अक्षरामागे अक्षर बदलून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी कृतिदेवमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर येते. 'किलो' सरळ बदललं तर वेलांटी मोकळी लटकते. रफार उलट: कृतिदेवमध्ये अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त आधी. म्हणून आधी अक्षरं बदलायची, मग वेलांटी आणि रफार जागेवर न्यायचे, तेही जोडाक्षर सबंध धरून. 'वर्षाची मर्यादा' आणि 'स्थिती' हे शब्द नीट आले तेव्हाच पुढे गेलो.

१७ जून

मूळ रोमन मजकूर पुसलेला नाही, वेगळ्या रकान्यात ठेवला. ऑपरेटर ताई रूपांतर झालेली प्रत्येक नोंद वाचून खूण करताहेत. मशीनवर सोडून देण्यासारखं हे काम नाही. बोलणं माणसांचं आहे, ते वाचायलाही माणूसच पाहिजे.

२४ जून

पाऊस लागला. संचालक मंडळातले सगळे पेरणीत, लाइन दिवसभर नाही. काम पुढे सरकलं नाही.

१ जुलै

आज जे सापडलं ते या प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. मागण्यांचे नंबर ॲक्सेसच्या ऑटोनंबरवर, म्हणजे ते आपोआप देतं त्या नंबरांवर आहेत. यादीतली शेवटची नोंद पुसून नंतर 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' (फाइल आवळून दुरुस्त करणारी सोय) चालवलं, तर मोजणी मागे येते आणि पुढच्या नव्या नोंदीला पुसलेल्याच नोंदीचा नंबर मिळू शकतो. फाइल फुगू नये म्हणून भाऊ ते नियमितपणे चालवतात, आणि चालवलंच पाहिजे. ॲक्सेसच्या फाइलीला २ जीबीची मर्यादा आहे, आणि पुसलेल्या नोंदींची जागा कॉम्पॅक्ट केल्याशिवाय मोकळी होत नाही.

ॲक्सेसपुरतं पाहिलं तर यात काही बिघडत नाही. पण ट्रेसेबिलिटीत नंबर म्हणजे मागणीची ओळख. समजा शेवटची नोंद सुतळीच्या वजनाची आहे, तिला एक नियम आणि एक चाचणी जोडलेली आहे. ती पुसली गेली आणि तोच नंबर उद्या चुकाऱ्याच्या तारखेबद्दलच्या मागणीला मिळाला, तर डोअरस्टॉपमधल्या लिंका जशाच्या तशा राहतील. साखळी अखंड दिसेल आणि सुतळीची चाचणी चुकाऱ्याच्या मागणीखाली 'पास' दाखवेल. तुटलेली लिंक निदान तुटलेली दिसते. चुकीच्या माणसाला जोडलेली लिंक कोणाला दिसतच नाही.

तीन गोष्टी केल्या. 'कायम नंबर' हा वेगळा रकाना घेतला, त्यावर एकही नंबर दुसऱ्यांदा येणार नाही असा इंडेक्स लावला. फॉर्मवरून नोंद पुसण्याची सोय बंद केली. आणि 'रद्द' असा हो-नाही रकाना दिला. डोअरस्टॉपमध्येही हाच विचार आधीपासून आहे, तिथे गरज पुसण्याऐवजी निष्क्रिय करता येते. 'रद्द'वर खूण झाली की तिकडे ती निष्क्रिय होते, नंबर मात्र तिच्याच नावावर राहतो.

फाइलींच्या नावात रोमन अक्षरं ठेवलीत. पायथनचं नेहमीचं रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात नमुना शोधायची सोय) 'शब्दातलं अक्षर' म्हणताना मात्रा आणि वेलांट्या धरत नाही, 'मागणी' हा शब्द 'म'नंतरच तुटतो. गिटही देवनागरी नावं मुळात आकड्यांच्या रूपात दाखवतं. नोंदींत मी मागणी-४१ असंच लिहीन.

८ जुलै

मागणी-५८ वर थांबलो. नागपूरच्या टीमकडे आधीच्या सॉफ्टवेअर विक्रेत्याने दिलेली गरजांची यादी आहे, त्यात ही मागणी अशी संपते: "एकाच गाडीत पहिल्या वेच्याचा कोरडा आणि पावसात भिजलेला कापूस मिळून असेल तर". पुढे काही नाही. वाक्य मध्येच थांबलंय.

मूळ फाइलीत पुढचं सगळं आहे: तर गाडीतल्या निरनिराळ्या ठिकाणचे तीन नमुने घ्यावेत, तिन्हींचा ओलावा मोजावा, सरासरी धरावी आणि तिन्ही आकडे पावतीवर छापावेत. म्हणजे मागणीचा जीवच कापला गेला. विक्रेत्याने अर्ध्या मजकुरावरून नियम केला, 'ओलावा मोजून भाव ठरवणे'. त्यावर चाचणी लिहिली, एक आकडा टाकायचा आणि भाव पाहायचा. ती चाचणी पास आहे. यादी पाहणाऱ्याला मागणी-५८ पूर्ण झालेली दिसते.

कारण शोधलं. यादी काढायच्या क्वेरीत एकसारख्या नोंदी गाळण्यासाठी 'डिस्टिंक्ट' लावलेलं होतं. मेमो, म्हणजे लांब मजकुराच्या रकान्यावर डिस्टिंक्ट किंवा ग्रुप-बाय लावलं की ॲक्सेस तुलना करताना मजकूर २५५ कॅरेक्टरवर कापतं आणि कापलेलाच पुढे देतं. कोणताही इशारा येत नाही. देवनागरीत हे आणखी लवकर भरतं, कारण काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त प्रत्येक जण वेगळं कॅरेक्टर म्हणून मोजला जातो. 'भिजलेला' हा डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द मोजणीत सात भरतो. शेतकरी आपलं म्हणणं सांगताना आधी परिस्थिती सांगतो, मागणं शेवटी येतं. कात्री नेमकी तिथेच लागते.

माझ्या स्क्रिप्टमध्ये डिस्टिंक्ट नाही, ग्रुप-बाय नाही. शिवाय प्रत्येक मागणीची लांबी ॲक्सेसमध्ये आणि डोअरस्टॉपमध्ये दोन्हीकडे मोजून ताडून पाहतोय. बरोबर २५५वर थांबलेल्या सगळ्या मागण्या विक्रेत्याच्या यादीतून वेगळ्या काढून टीमला कळवल्या. त्यांचे नियम नव्याने लिहावे लागतील. टीमने लगेच मान्य केलं.

१५ जुलै

डोअरस्टॉप प्रत्येक गरजेच्या मजकुराचा ठसा काढतं आणि खालच्या थरातल्या लिंकेबरोबर तो ठेवतं. वरचा मजकूर बदलला की ठसा जुळत नाही आणि लिंक 'संशयित' ठरते. मग माणसाने येऊन पाहायचं: मागणी बदलली, तर नियम अजून बरोबर आहे का? या एका सोयीसाठी मी हे साधन कितीही वेळा निवडेन.

पण मजकूर न बदलताही लिंका संशयित व्हायला लागल्या. 'शेतकऱ्याला' हा शब्द दोन तऱ्हांनी साठतो. एका कीबोर्डवर स्वतंत्र 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. दिसायला एकच. युनिकोडची नेहमीची नॉर्मलायझेशन हे दोन्ही एक करत नाही, ते आपणच करावं लागतं. ताईंनी एखाद्या नोंदीत शब्द परत टाइप केला की ठसा बदलतो.

आता मजकूर आणताना सगळे अर्धे र 'ऱ'वर आणतो, ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढतो, आणि ॲक्सेस नवी ओळ दोन खुणांनी साठवतं त्याची एक करतो. विनाकारण इशारे येत राहिले तर लोक खरा इशाराही पाहणं सोडतात.

३० जुलै

दोन्ही बाजूंनी लिहायचं की एका, यावर भाऊंशी बसून बोललो. त्यांचं म्हणणं रास्त आहे: "मी दिवसभर माह्या फॉर्मवर असतो. मागणी कुठवर आली ते मले तिथंच दिसू दे."

ठरलं ते असं. मागणीचा मजकूर फक्त ॲक्सेसमध्ये बदलेल. नियम आणि चाचण्या फक्त डोअरस्टॉपमध्ये. डोअरस्टॉपमधून ॲक्सेसकडे परत जाईल ती फक्त स्थिती, आणि तीही वेगळ्या टेबलात: कायम नंबर, नियम आहे की नाही, चाचणी आहे की नाही, संशयित लिंक आहे का, कोणत्या तारखेची माहिती. मूळ टेबलाला स्क्रिप्ट हात लावणार नाही. एकच वाक्य दोन ठिकाणी बदलता येऊ लागलं की खरं कोणतं याचा वाद कधीच मिटत नाही.

फॉर्मवर मागणीखाली ही स्थिती दिसते. स्क्रिप्ट रात्री चालते, कारण दिवसा कोणी फाइल एक्स्क्लुझिव्ह (एकट्यापुरती) उघडून बसलं तर तिला आत जाता येत नाही.

५ ऑगस्ट

पुढे कोणी वेगळं साधन वापरायचं म्हटलं तर? त्यासाठी रेक्विफ हे देवाणघेवाणीचं मानक आहे. जर्मन वाहन उद्योगात त्याची सुरुवात झाली, ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने २०११ मध्ये ते स्वीकारलं. त्यात प्रत्येक गरजेला ओळख आणि शेवटच्या बदलाची वेळ असते. ओळख आपण १ जुलैलाच पक्की केली. बदलाची वेळ साठवणारा रकाना आज घातला. आत्ता एवढं पुरे.

२५ ऑगस्ट

पोळा झाला. मंडळी पुन्हा ऑफिसात येऊ लागली आणि मागणी-४१ ची साखळी पहिल्यांदा शेवटपर्यंत पूर्ण झाली.

नियम लिहायला बसल्यावर कळलं की प्रश्न पावतीवर दाखवण्यापुरता नाही. आधारभूत भाव ८ टक्के ओलाव्याला धरतात, वर प्रत्येक टक्क्याला भावाच्या १ टक्का कपात, १२ टक्क्यांच्या पुढे माल बसत नाही. २०२५-२६ हंगामाचा लांब धाग्याचा भाव क्विंटलला ८,११० रुपये. ओलावा १० असेल तर कपात १६२.२० आणि भाव ७,९४७.८०. इथवर सगळ्यांचं एकमत. पण मशीन ९.४ दाखवतं तेव्हा काय? १० धरले तर वरचीच कपात. ९.४ धरले तर कपात ११३.५४ आणि भाव ७,९९६.४६. क्विंटलमागे ४८.६६ रुपयांचा फरक. २० क्विंटलच्या गाडीला ९७३.२०. ज्याने "मले समजलं पायजे" म्हटलं त्याला नेमकं हेच समजायला हवं होतं.

संचालक मंडळाने ठरवलं की आमच्या खरेदीत आकडा वर ओढायचा नाही. मशीनवर दिसेल तो, एका दशांशासह. नियमात ते लिहिलं, आणि चाचण्या ८, ९.४, १०, १२ आणि १२.१ या आकड्यांवर केल्या. पाचही चाचण्या त्या नियमातून मागणी-४१ ला जोडलेल्या आहेत. पावतीवर ओलावा, टक्के कपात, रुपये कपात आणि निव्वळ भाव असे चार रकाने आले.

९ सप्टेंबर

सीसीआयने (भारतीय कापूस महामंडळ) या हंगामापासून नोंदणी आणि स्लॉट 'कपास किसान' ॲपवर नेले. आमचे सभासद माल सीसीआयलाही देतात, आम्हालाही देतात. पावतीवरचं नाव नोंदणीतल्या नावाशी जुळलं पाहिजे, असं म्हणत लोक आले. 'पावतीवर नाव मराठीत' ही जुनी मागणी भाऊंनी फॉर्मवर वाढवून लिहिली. रात्री स्क्रिप्ट चालली, सकाळी तिच्या खालचे नियम संशयित म्हणून वर आले. एका नियमात नाव फक्त सभासद यादीतून घ्यायचं लिहिलं होतं, तो बदलला. दुसरा नियम फक्त फॉन्टबद्दल होता, तो वाचून तसाच मान्य केला. फोन करायची गरज पडली नाही.

संचालकांना यादी एक्सेलमध्ये हवी होती. सीएसव्ही साध्या यूटीएफ-८ मध्ये दिली तर एक्सेल मराठीचा चुराडा करतं. सुरुवातीला बीओएम (मजकूर युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी खूण) असलेली दिली की नीट उघडतं.

६ ऑक्टोबर

१४ ऑक्टोबरला विंडोज १०चे अपडेट थांबणार म्हणून ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला. त्यावर ऑफिस ६४ बिटचं आहे, म्हणजे १२ जूनचा प्रश्न आता उलट बाजूने येणार. स्क्रिप्ट सुरू होतानाच पायथन किती बिटचं आणि ॲक्सेसचा ड्रायव्हर यादीत आहे का हे तपासते, नसेल तर काय बसवायचं ते मराठीत सांगून थांबते. ६४ बिटचं पायथन बसवून दोन्ही कॉम्प्युटरवर एकाच फाइलीवर चालवून पाहिलं. लांबी, ठसे, स्थिती सगळं जुळलं.

मागणी-५८ चा नवा नियम टीमकडून आला. तीन नमुन्यांची चाचणी अजून नापास आहे. सरासरी बरोबर येते, पण पावतीवर तिसरा आकडा छापला जात नाही. फॉर्मवर ती 'चाचणी बाकी' दिसते आणि काट्यावर पहिली गाडी येण्याआधी ती पूर्ण व्हायला हवी असं टीमला लेखी कळवलं. सोयाबीनच्या मागण्यांचे नियम त्यानंतर घ्यायचे.